वेदनेचा अंक आणि वेदनेचा शब्द
शस्त्रक्रियेत वापरल्या जाणाऱ्या मज्जातंतुवेदनेच्या औषधांवरील संशोधनाची भाषिक समीक्षा

१

वैद्यकातील संशोधनाची समीक्षा भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने करावी, हे पुष्कळांस अनाठायी वाटण्याचा संभव आहे. औषधाने दुखणे राहते की नाही हा प्रश्न रुग्ण आणि वैद्य यांच्यामधला. तेथे व्याकरणाचे काय काम, असा आक्षेप कोणी घेतल्यास तो सकृद्दर्शनी योग्यच म्हणावा लागेल. परंतु वेदनेची गोष्ट इतर लक्षणांहून निराळी आहे. ताप उष्णतामापकाने मोजता येतो, रक्तातील साखर रासायनिक परीक्षेने कळते. वेदना मात्र रुग्णाने या ना त्या रीतीने सांगितल्यावाचून कळत नाही. वेदनाशामक औषधावरील प्रत्येक प्रयोगाच्या तळाशी एक लहानसा संवाद असतो. एक जण विचारतो, दुसरा उत्तर देतो आणि ते उत्तर कागदावर उतरते. पुढचे सारे गणित या संवादावर उभे असते. तो संवाद कसा घडला, त्यात काय विचारले गेले आणि काय विचारावयाचे राहिले, हे पाहणे भाषेच्या अभ्यासकाच्या कक्षेत येते, एवढेच प्रस्तुत लेखकाचे समर्थन आहे.

येथे विचारार्थ घेतलेला विषय मर्यादित आहे. गॅबापेंटिन आणि प्रीगॅबालिन ही दोन औषधे मज्जातंतूंच्या विकाराने होणाऱ्या वेदनेवर दिली जातात. गेल्या सुमारे पंचवीस वर्षांत ती शस्त्रक्रियेच्या आधी व नंतरही देण्याचा प्रघात जगभर पडला. या प्रघातावर पुष्कळ प्रयोग झाले आणि २०२० साली कॅनडातील व्हेरे व त्यांचे सहकारी यांनी अशा २८१ प्रयोगांचे एकत्रित विश्लेषण ‘अ‍ॅनेस्थेसिऑलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध केले. या प्रयोगांत मिळून २४,६८२ रुग्ण होते. हे विश्लेषण व त्यामागील संशोधन कोणत्या भाषेत विचार करते, हे येथे तपासावयाचे आहे.

२

प्रारंभ औषधाच्या नावापासूनच करणे सोयीचे होईल. मेंदूमध्ये गॅमा-अमिनोब्युटिरिक आम्ल नावाचे एक द्रव्य असते. त्याच्या आद्याक्षरांवरून ‘गॅबा’ हा संक्षेप रूढ झाला. हे द्रव्य मज्जापेशींची उत्तेजना आवरते. त्याच्यासारखी रचना असलेला रेणू तयार करून अपस्मारावर वापरावा, या हेतूने गॅबापेंटिन निर्माण झाले आणि हेतूच नावात येऊन बसला. पुढे असे दिसून आले की, हे औषध गॅबाच्या ग्राहकांवर क्रिया करीतच नाही. मज्जापेशीच्या आवरणात कॅल्शियम आत येण्याचे जे मार्ग असतात, त्यांच्या ‘आल्फा-२-डेल्टा’ या उपघटकाला ते चिकटते. म्हणजे नाव एका क्रियेचे आणि काम दुसरेच. तरीही या वर्गास ‘गॅबापेंटिनॉइड’ हे नाव पडले. त्यातील ‘-ऑइड’ या प्रत्ययाचा अर्थ ‘सदृश’ असा आहे, म्हणून या वर्गनामाचा शब्दशः अर्थ ‘गॅबासदृशासदृश’ असा काहीसा होतो. शब्दाचा इतिहास आणि शब्दाचा अर्थ यांत गल्लत करू नये, हे आम्ही विद्यार्थ्यांस पहिल्याच वर्षी शिकवितो. येथे त्या गल्लतीचे एक नमुनेदार उदाहरण सापडते.

नावातील ही विसंगती निरुपद्रवी म्हणून सोडून देता आली असती. परंतु दुसरे एक नामकरण तितके निरुपद्रवी नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने गॅबापेंटिनला १९९३ साली अपस्मारातील पूरक औषध म्हणून, व २००२ साली नागिणीनंतर उरणाऱ्या मज्जातंतुवेदनेसाठी मान्यता दिली. प्रीगॅबालिनला २००४ साली मधुमेहातील व नागिणीनंतरच्या मज्जातंतुवेदनेसाठी मान्यता मिळाली. यामुळे ही ‘नसांच्या दुखण्याची औषधे’ म्हणून प्रसिद्धीस आली. शस्त्रक्रियेनंतरची वेदना या मान्यतेत कोठेही नाही. तथापि शस्त्रक्रियेत नसा कापल्या जातातच, मग नसांच्या दुखण्याचे औषध तेथे का चालू नये, असा विचार स्वाभाविकपणे पुढे आला. हा विचार अनुमानाचा आहे असे दिसते; वस्तुतः तो बऱ्याच अंशी शब्दाचा आहे. ‘नस’ हा शब्द दोन्ही ठिकाणी आला म्हणून दोन्ही वेदना एक ठरत नाहीत. ताज्या जखमेची वेदना ही बहुतांशी ऊतींच्या इजेची आणि दाहाची वेदना असते. तेथे मज्जातंतू वार्ता पोहोचविण्याचे आपले काम बिनचूक करीत असतो. मज्जातंतुवेदनेत वार्ताहरच बिघडलेला असतो. ज्या प्राण्यांच्या मज्जातंतूस इजा केली, त्यांच्यात वर सांगितलेला उपघटक वाढलेला आढळला आहे. ही वाढ बिघाडाची खूण होय. ताज्या जखमेत ती आधीच झालेली असेल असे गृहीत धरता येत नाही.

न्यायाने सांगावयाचे तर या विचाराच्या बाजूनेही एक भक्कम युक्तिवाद होता. इजेच्या वार्तांचा मारा चालू राहिला म्हणजे मेरुरज्जूतील पेशी अधिक संवेदनशील होतात, हे क्लिफर्ड वुल्फ यांनी १९८३ साली दाखविले. १९८८ साली पॅट्रिक वॉल यांनी शस्त्रक्रियेनंतरची वेदना आधीच रोखण्याचा विचार मांडला. शिवाय काही रुग्णांत शस्त्रक्रियेनंतरची वेदना महिनोन् महिने टिकते. २००६ साली केलेट, येन्सन व वुल्फ यांनी सामान्य शस्त्रक्रियांनंतर हे प्रमाण १० ते ५० टक्के असल्याचे व त्यातील तीव्र वेदनेचे प्रमाण २ ते १० टक्के असल्याचे नमूद केले. अशा टिकाऊ वेदनेत मज्जातंतूच्या बिघाडाचा वाटा मोठा असतो. तेव्हा हे औषध आधीच देऊन पाहावे, ही कल्पना वावगी नव्हती. प्रश्न असा की, ती पडताळून पाहताना रुग्णास काय विचारले गेले?

३

२००२ साली डेन्मार्कमधील डर्क्स व त्यांचे सहकारी यांनी स्तनाच्या शस्त्रक्रियेसाठी आलेल्या ७० रुग्णांवर केलेला प्रयोग या संशोधनाच्या आरंभीच्या काळातील आहे. शस्त्रक्रियेपूर्वी एक तास काहींस १२०० मिलिग्रॅम गॅबापेंटिन, तर काहींस औषधविरहित कॅप्सूल देण्यात आली. पहिल्या चार तासांत लागलेल्या मॉर्फीनची मध्यमा २९ मिलिग्रॅमवरून १५ मिलिग्रॅमवर आली. हालचाल करतानाची वेदना कमी झाली. स्वस्थ पडून असतानाच्या वेदनेत मात्र दखल घेण्याजोगा फरक दिसला नाही. हा प्रयोग नेटका आहे आणि त्याच्या लेखकांनी दोन्ही गोष्टी स्पष्ट सांगितल्या आहेत. तथापि पुढील लेखनात मॉर्फीनच्या घटीलाच अधिक महत्त्व आले आणि ‘अफूवर्गीय औषधांची बचत’ हा या संशोधनाचा परवलीचा शब्द झाला.

‘बचत’ या शब्दाची तपासणी अवश्य आहे. मॉर्फीन बहुधा रुग्णाच्या मागणीनुसार दिले जाते. पुष्कळ ठिकाणी रुग्णाच्या हातात कळ असते व ती दाबली की ठरावीक मात्रा शिरेत जाते. येथे मागणी हे वेदनेचे चिन्ह मानले जाते. मागणी कमी म्हणून वेदना कमी, असे हे वाचन होय. भाषेच्या अभ्यासकास हे वाचन पटणे कठीण आहे. माणूस मागत नाही याची कारणे अनेक असू शकतात. त्याला दुखत नसेल. मागण्याचा संकोच वाटत असेल. मागावयाचे असते हेच त्याला कळले नसेल. किंवा तो झोपेच्या गुंगीत असेल. गॅबापेंटिन व प्रीगॅबालिन यांनी गुंगी येते ही सर्वमान्य गोष्ट आहे. मग मागणी घटली ती वेदना घटल्यामुळे की मागणाराच गुंगल्यामुळे, हे केवळ मॉर्फीनच्या मिलिग्रॅमवरून कसे सांगता येईल? मौनाचा अर्थ संदर्भावाचून लागत नाही, हा आमच्या शास्त्रातील साधा सिद्धान्त येथे दुर्लक्षिला गेला आहे. गुंगीमुळे आणखी एक अडचण उद्भवते. आपणांस खरे औषध मिळाले की पोकळ कॅप्सूल, हे रुग्णास ठाऊक नसावे अशी या प्रयोगांची अट असते. ज्याच्या डोळ्यांवर झापड येते, त्यास ते सहज ओळखता येते.

आणि ‘बचत’ झाली तरी ती कशाची? मॉर्फीनचे मुख्य भय श्वास मंदावण्याचे. ते कमी व्हावे म्हणून मॉर्फीन वाचवावयाचे. परंतु डिसेंबर २०१९ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने असा इशारा दिला की, गॅबापेंटिन व प्रीगॅबालिन ही औषधे अफूवर्गीय किंवा इतर गुंगीच्या औषधांच्या जोडीने घेणाऱ्यांत, फुप्फुसाचा विकार असणाऱ्यांत आणि वृद्धांत गंभीर श्वसनमांद्य उद्भवू शकते. म्हणजे जो धोका टाळण्यासाठी बचत करावयाची, तोच धोका बचतीच्या साधनाने वाढण्याचा संभव आहे. जमेच्या बाजूस मिलिग्रॅम मांडले आणि खर्चाची बाजू कोरी ठेवली, असा हा हिशेब झाला.

४

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. या प्रयोगांपैकी बहुतेकांत वेदनेचे मोजमाप एका अंकाने झाले आहे. एक तर शून्य ते दहा यांतील अंक विचारावयाचा, किंवा शंभर मिलिमीटरच्या रेषेवर रुग्णास खूण करावयास सांगावयाचे. रेषेच्या एका टोकास वेदनेचा अभाव आणि दुसऱ्या टोकास कल्पनेतील पराकाष्ठेची वेदना. ही पद्धत सोपी व झटपट आहे, आणि एकाच रुग्णाची सकाळची व संध्याकाळची स्थिती ताडून पाहण्यास उपयोगी आहे, यात वाद नाही. परंतु ती ‘किती दुखते?’ एवढाच प्रश्न विचारते. ‘कसे दुखते?’ हा प्रश्न तीत नाही.

वैद्यकास हा दुसरा प्रश्न अपरिचित होता असे नव्हे. १९७१ साली मेल्झॅक व टॉर्गरसन यांनी वेदनेच्या भाषेचा अभ्यास केला आणि त्यातूनच १९७५ साली मेल्झॅक यांची मॅगिल विद्यापीठाच्या नावाने ओळखली जाणारी प्रश्नावली तयार झाली. तीत ७८ शब्द २० गटांत लाविलेले आहेत. २००५ साली फ्रान्समध्ये तयार झालेली ‘डीएन-४’ ही प्रश्नावली तर मज्जातंतुवेदना ओळखण्याचे काम मुख्यतः शब्दांवरच सोपविते. आग होते काय, विजेचा झटका बसल्यासारखे वाटते काय, मुंग्या येतात काय, बधिरता आहे काय, अशा दहा बाबींपैकी चार आढळल्या की मज्जातंतुवेदनेचा संशय घ्यावयाचा. येथेच विरोध स्पष्ट होतो. ज्या वेदनेची ओळख तिच्या प्रकारावरून पटते, त्या वेदनेचे औषध पारखताना प्रकाराचा प्रश्न सोडून केवळ प्रमाण विचारले गेले.

आपल्या भाषेच्या दृष्टीने हा लोप विशेष जाणवतो. मराठीत वेदनेचे शब्द विपुल आहेत, आणि त्यांची व्यवस्था केवळ कोशातील नव्हे, व्याकरणातीलही आहे. कळ येते किंवा उठते, चमक निघते, ठणका लागतो, आग होते, मुंग्या येतात, पाय बधिर होतो, जखम ठुसठुसते, डोळा खुपतो, कातडी चुणचुणते. नाम बदलले की क्रियापद बदलते, आणि त्या जोडीत वेदनेचे काळाशी असलेले नातेही सांगितले जाते. चमक क्षणाची असते. ठणका चालूच राहतो. कळ लाटेसारखी येते व ओसरते. यांतील बहुसंख्य रचनांत सोसणारा माणूस कर्ता नसतो. ‘मला’ या रूपात तो बाजूस उभा असतो आणि वेदना येते, जाते, उठते, निघते. मराठी बोलणाऱ्यास ‘कसे दुखते?’ असे विचारावयाचा अवकाश, की त्याचे उत्तर बहुधा या जोड्यांतच येते. चमक, आग, मुंग्या व बधिरता हे शब्द वर सांगितलेल्या फ्रेंच प्रश्नावलीतील बाबींच्या किती निकट आहेत, हे वाचकांच्या ध्यानी आलेच असेल. ठणका, ठुसठुस व खुपणे हे दुसऱ्या कुळातील शब्द आहेत.

उलट, मराठी माणसास अंक विचारला म्हणजे काय होते, याचा एक अनुभव येथे नमूद करणे अप्रस्तुत होणार नाही. प्रस्तुत लेखकाच्या वडिलांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया काही वर्षांपूर्वी झाली. ते वयाची पंचाहत्तरी ओलांडलेले, निवृत्त प्राथमिक शिक्षक. शस्त्रक्रियेपूर्वी व नंतर रात्री त्यांना प्रीगॅबालिनची कॅप्सूल दिली जात होती. दुसऱ्या दिवशी सकाळी परिचारिकेने विचारले, “आजोबा, दहापैकी किती दुखतंय?” वडील म्हणाले, “बाळ, कालचा ठणका गेला. आता कातड्याला नुसत्या मुंग्या येताहेत. आठ आणे उतार आहे म्हण.” परिचारिकेने तक्त्यावर ५ हा अंक लिहिला. आदल्या दिवशीचा अंक ६ होता.

या साध्या प्रसंगात तीन गोष्टी घडल्या. पहिली ही की, ठणका जाऊन मुंग्या आल्या, म्हणजे वेदनेचे कूळच बदलले. ही बातमी तक्त्यावर आलीच नाही, कारण तक्त्यात तिला जागा नव्हती. दुसरी अशी की, आठ आणे हे निम्मे खरे, पण ते निम्मे कालच्या वेदनेचे, दहाचे नव्हे. आण्यांची नाणी व्यवहारातून जाऊन कित्येक वर्षे लोटली, तरी ‘चार आणे फरक’, ‘बारा आणे बरे’ असे उतार मोजण्याचे हे माप आपल्या बोलण्यात टिकून आहे. ते नेहमी आधीच्या स्थितीच्या तुलनेत असते. आजोबांच्या मापाने आकडा ३ यावयास हवा होता. परिचारिकेच्या मापाने तो ५ झाला. आणि तिसरी गोष्ट म्हणजे, ‘दहापैकी’ हा शब्दप्रयोग मराठी कानास परीक्षेतील गुणांचा वाटतो. जन्मभर गुण देत आलेल्या शिक्षकाने स्वतःच्या वेदनेस गुण देण्याचे टाळून आण्यांचा आश्रय घेतला, यात नवल नाही. परिचारिकेचा यात काही दोष नाही. तिच्या हाती जो तक्ता होता, त्यात आणे भरण्याचा रकाना नव्हता.

त्याच रात्री वडिलांस भ्रम झाला. खोली ओळखेनात, चाळीस वर्षांपूर्वी वारलेल्या बहिणीस हाका मारू लागले. पहाटे ते गाढ झोपी गेले. त्या रात्रीच्या रकान्यात वेदनेचा अंक शून्य असा पडला. भ्रमास ते औषधच कारण झाले असे म्हणण्याचा अधिकार प्रस्तुत लेखकास नाही. वृद्ध माणसास शस्त्रक्रियेनंतर असे होण्याची कारणे अनेक असतात, आणि एका रुग्णावरून सिद्धान्त काढणे अशास्त्रीय होईल. मात्र २०२२ साली अमेरिकेत ६५ वर्षे व त्यापुढील वयाच्या साडेनऊ लक्षांहून अधिक रुग्णांच्या नोंदींवरून जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात परस्परांशी जुळवून घेतलेल्या गटांत भ्रमाचे प्रमाण गॅबापेंटिन मिळालेल्यांत ३.४ टक्के, तर न मिळालेल्यांत २.६ टक्के आढळले. हा निरीक्षणात्मक अभ्यास आहे, प्रयोग नव्हे. तथापि तो दृष्टीआड करता येण्याजोगा नाही. येथे आमचा मुद्दा त्या शून्याचा आहे. ते शून्य वेदनेचे नव्हते, उत्तराचे होते.

५

आता व्हेरे व त्यांच्या सहकाऱ्यांच्या विश्लेषणाकडे येऊ. त्यांचा निष्कर्ष असा: शंभरपैकी गुणांत मोजता, औषध मिळालेल्यांची वेदना सहाव्या तासास १०, बाराव्या तासास ९, चोविसाव्या तासास ७ आणि अठ्ठेचाळिसाव्या तासास ३ गुणांनी कमी होती. हे फरक सांख्यिकीय दृष्ट्या ‘सार्थ’ होते. परंतु रुग्णास जाणवेल असा किमान फरक १० गुणांचा धरल्यास ते उपचाराच्या दृष्टीने महत्त्वाचे ठरत नाहीत. पुढे टिकणाऱ्या वेदनेवरही औषधाचा परिणाम दिसला नाही. मळमळ व ओकारी कमी झाली. घेरी व दृष्टीचे विकार वाढले. सबब, हे औषध सरसकट देण्यास आधार नाही.

या विश्लेषणाचे मोल मोठे आहे. ‘सार्थ’ या संज्ञेचा जो दुरुपयोग वर्षानुवर्षे चालत आला, त्यास त्यांनी आळा घातला. सांख्यिकीत ‘सार्थ’ म्हणजे केवळ योगायोगाने घडण्याचा संभव कमी, एवढेच. व्यवहारात मात्र सार्थ म्हणजे अर्थपूर्ण, सफल. पारिभाषिक अर्थ सिद्ध करावयाचा आणि व्यावहारिक अर्थाचा लाभ घ्यावयाचा, हा तर्कदोष आपल्या न्यायशास्त्रास ‘छल’ या नावाने पूर्वीपासून ठाऊक आहे. हजारो रुग्ण गोळा केले म्हणजे तीन गुणांचा फरकही ‘सार्थ’ ठरतो. तो सोसणाऱ्यास कळतो काय, हा प्रश्न निराळा. तो निराळा आहे हे या लेखकांनी ठासून सांगितले.

तथापि दोन आक्षेप राहतात. एक असा की, सहाव्या तासाचा आकडा उंबरठ्यास टेकलेला आहे. दहाच्या अलीकडचे सारे निष्फळ आणि पलीकडचे सारे सफल, अशी रेघ निसर्गात नसते. शिवाय असा उंबरठा ठरविण्याचा एक प्रचलित मार्ग म्हणजे रुग्णास ‘पूर्वीपेक्षा बरे वाटते काय?’ असे विचारून त्याच्या उत्तराशी अंक ताडून पाहणे. म्हणजे अंकाला अर्थ अखेर शब्दाकडूनच उसना घ्यावा लागतो. दुसरा आक्षेप अधिक महत्त्वाचा. सरासरी सात गुणांचा फरक दोन रीतींनी पडू शकतो. सर्वांसच सात गुणांचा उतार पडला असेल. किंवा बहुतेकांस काहीच न होता थोड्यांस भरपूर उतार पडला असेल. ज्यांची वेदना आगीची, चमकेची, मुंग्यांची होती, तेच हे थोडे असतील काय? प्रकार विचारलाच नसल्यामुळे विश्लेषणकारांस हे सांगता येणे शक्य नव्हते. मूळ प्रयोगांनी जे टिपले नाही, ते त्यांची बेरीज करून कोठून येणार?

प्रकार विचारल्याने काही हाती लागते, याचे निदान एक उदाहरण आहे. २०१० साली बुवनेंद्रन व सहकाऱ्यांनी गुडघ्याच्या सांधेरोपणाच्या २४० रुग्णांवर प्रीगॅबालिनचा प्रयोग केला आणि तीन व सहा महिन्यांनी मज्जातंतुवेदनेचीच स्वतंत्र चौकशी केली. औषध मिळालेल्यांत ती कोणासही आढळली नाही. इतरांत तीन महिन्यांस ८.७ टक्के व सहा महिन्यांस ५.२ टक्के आढळली. याच प्रयोगात औषध मिळालेल्यांत गुंगी व संभ्रम अधिक दिसला, हेही सांगितले पाहिजे. एका प्रयोगावर भिस्त ठेवता येत नाही, आणि व्हेरे यांच्या विस्तृत विश्लेषणात टिकाऊ वेदनेवर परिणाम दिसला नाही. म्हणून शब्द विचारले असते तर औषध यशस्वी ठरले असते, असा दावा येथे करावयाचा नाही. ज्या गृहीतकावर हे औषध शस्त्रक्रियागृहात आले, ते गृहीतक बहुतांश प्रयोगांनी तपासलेच नाही, एवढाच दावा आहे. ते खोटे ठरले असते तरी ज्ञान वाढले असते.

६

या संशोधनाचा आणखी एक अध्याय आहे. तो कटू असला तरी गाळता येत नाही. संवाद झाला, उत्तर मिळाले, परंतु ते कागदावर प्रामाणिकपणे उतरले काय? २००९ साली अमेरिकेतील भूलतज्ज्ञ स्कॉट रूबेन यांच्या २१ निबंधांत बनावट माहिती असल्याचे उघडकीस आले. शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनेवर प्रीगॅबालिनचा उपयोग सांगणारे लेखनही त्यात होते. २०१० साली न्यायालयाने त्यांना सहा महिन्यांच्या कारावासाची शिक्षा दिली. येथे रुग्णाच्या तोंडी जे शब्द घातले गेले, ते कोणी उच्चारलेच नव्हते.

दुसरा प्रकार याहून सूक्ष्म आहे. गॅबापेंटिनचा मान्यताबाह्य उपयोगांसाठी प्रचार केल्याच्या प्रकरणी वॉर्नर-लॅम्बर्ट या कंपनीने २००४ साली अपराध कबूल केला आणि एकंदर ४३ कोटी डॉलर भरण्याचे मान्य केले. कोर्टकज्जांत बाहेर आलेल्या कागदपत्रांवरून वेदुला व सहकाऱ्यांनी २००९ साली असे दाखविले की, अशा उपयोगांवरील २० प्रयोगांपैकी १२च प्रसिद्ध झाले, आणि त्यांपैकी ८ प्रयोगांत प्रसिद्ध निबंधातील मुख्य फलित मूळ आराखड्यातील मुख्य फलिताहून निराळे होते. प्रश्न एक विचारला आणि उत्तर आल्यावर प्रश्नच बदलला, असा हा प्रकार. भाषेच्या अभ्यासकास यात एक गोष्ट विशेष दिसते. येथे प्रत्येक वाक्य सुटे घेतले तर कदाचित खरेही असेल. असत्य आहे ते वाक्यांच्या क्रमात व निवडीत. असे असत्य व्याकरणाने पकडता येत नाही. त्यासाठी मूळ संहिता, म्हणजे प्रयोगाचा आधी नोंदविलेला आराखडा, हाती असावा लागतो. पाठचिकित्सा करणाऱ्यांस हे नवे नाही.

७

समारोपादाखल काही सूचना कराव्याशा वाटतात. त्या औषधाविषयी नाहीत. ते काम वैद्यांचे. त्या संवादाविषयी आहेत.

पहिली, शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनेवरील प्रयोगांत अंकाबरोबर रुग्णाचा शब्दही, त्याच्याच भाषेत, टिपला जावा. दुसरी, आपल्याकडे वेदनेच्या प्रश्नावल्या तयार करताना परभाषेतील शब्दांना प्रतिशब्द शोधीत बसण्याऐवजी येथील रुग्ण काय बोलतात ते आधी गोळा करावे. ‘जळजळणारी वेदना’ हे भाषांतर झाले; ‘आग होते’ ही मराठी झाली. कोकणातील, वऱ्हाडातील व मराठवाड्यातील रुग्णांचे शब्द एकच असतील असे मानण्याचे कारण नाही, आणि हे संकलन विद्यापीठांच्या भाषाविभागांनी वैद्यकीय महाविद्यालयांच्या सहकार्याने करण्यासारखे आहे. तिसरी, मागणी आणि वेदना यांची नोंद वेगळी ठेवावी. जेथे अंक शून्य आहे, तेथे रुग्ण जागा व भानावर होता की गुंगीत होता, हे शेजारी लिहिले जावे. उत्तर न मिळणे आणि शून्य हे उत्तर मिळणे, या दोन गोष्टी एका रकान्यात घालू नयेत.

वेदनेच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९७९ साली केलेली वेदनेची व्याख्या २०२० साली सुधारली. तिच्या जोडीच्या टिपांत असे म्हटले आहे की, माणसाने आपल्या वेदनेविषयी केलेले कथन आदराने घ्यावे. आणि शब्दांनी सांगणे हा वेदना व्यक्त करण्याच्या अनेक मार्गांपैकी एक असल्याने, सांगता न येणे म्हणजे वेदना नसणे नव्हे. ही दोन वाक्ये व्यवहारात उतरली, तर प्रस्तुत समीक्षेचे प्रयोजन संपेल.

प्रस्तुत लेखकाचे वडील पुढे बरे झाले आणि काठीवाचून चालू लागले. मुंग्या अजून येतात, असे ते सांगतात. त्यांच्या कागदपत्रांत या मुंग्यांचा उल्लेख कोठेही नाही.